कपाटातला कोहळा

१

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नवप्रबोधन महाविद्यालयाच्या कचेरीतलं काचेच्या दाराचं कपाट उघडलं, आणि फी-सवलतीच्या प्रस्तावांच्या जागी कोहळा निघाला.

कोहळा तसा चांगला होता. गरगरीत, पांढुरका, देठासकट. त्याला हळदकुंकवाची बोटं लावलेली होती, आणि प्रस्तावांचा गठ्ठा ज्या लाल फडक्यात बांधलेला असायचा त्याच फडक्यात तो नीट गाठ मारून बसवला होता. हेडक्लार्क आकाराम चौगले यांनी गाठ सोडली, आत पाहिलं, पुन्हा गाठ मारली आणि पुन्हा सोडली. दुसऱ्या खेपेलाही कोहळाच होता.

"आकाराम," मागून शालूबाई म्हणाल्या, "तिसऱ्यांदा सोडलीस म्हणून त्याची फाईल हुणार न्हाय."

शालूबाई कांबळे नायब तहसीलदार म्हणून निवृत्त झाल्या होत्या, पण सबंध करवीर तालुका त्यांना अजून बाईसाहेब म्हणे, आणि त्या समोर आल्या की माणसं नकळत खिसा चाचपत. कारण नोकरीचा बहुतेक काळ बाईंनी उत्पन्नाचे दाखले देण्यात घालवला होता. आमच्याकडे माणूस देवापुढे खोटं बोलायला कचरेल, पण उत्पन्नाच्या दाखल्यापुढे कचरणार नाही. दारात म्हशींची रांग रवंथ करत असताना "दूध? चहापुरतं बी न्हाय" असं शपथेवर सांगणारी माणसं त्यांनी रोज पाहिली होती. त्यामुळे त्यांचा एक प्रश्न ठरलेला होता: म्हशी किती? आणि उत्तर येईल त्याची मनातल्या मनात दुप्पट करायची, हाही नियम ठरलेला होता.

आज त्या आल्या होत्या मोनासाठी. मोना मलकापूरकडची, शालूबाईंच्या मागच्या खोलीत राहून बी.एस्सी. करणारी. पहिल्या दिवशी बाईंनी सवयीने तिलाही विचारलं होतं, म्हशी किती? "दोन," मोना म्हणाली होती, आणि बाईंनी सवयीनेच त्याच्या चार केल्या होत्या. पण एवढं खरं, की मोनाच्या घरातून एकाच पोराची फी निघत होती. सवलत मिळाली तर मोना आणि तिचा धाकटा भाऊ दोघंही शिकणार. नाही मिळाली तर भाऊ शिकणार. यात कुणाचा दुष्टावा नव्हता, त्यामुळे मोनाला कुणावर धड रागावताही येत नव्हतं.

आणि सवलत मिळायलाही हवी होती. त्या वर्षी मुंबईत विधानसभेने तसा कायदाच केला होता: ठरलेल्या मर्यादेच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलांची कॉलेजची फी सरकार भरणार. कायदा उन्हाळ्यात झाला. त्याचे नियम पावसाळ्यात निघाले. अर्जाचा नमुना गणपतीत पोचला. मुदत मात्र सगळ्यांच्या आधी येऊन बसली होती, आणि ती आज संध्याकाळी पाच वाजता संपत होती. पाचच्या आत गठ्ठा शिक्षण खात्याच्या खिडकीत पडला नाही, तर वर्षाची सवलत बुडाली.

"कागद गेला असं कुणीबी म्हणतंय," शालूबाई मोनाला म्हणाल्या होत्या. "डोळ्यांदेखत गेला तर गेला. चल."

म्हणून कचेरी उघडायच्या वेळेलाच दोघी आल्या होत्या. वाहनं लावायच्या आवारातून येताना शालूबाईंची चप्पल तीनदा घसरली. खंडेनवमीला वाहनांची पूजा करून फोडलेल्या कोहळ्यांचा लगदा ठिकठिकाणी वाळत पडला होता: झाडाखाली, नळापाशी, जिमखान्याच्या दारात. मुंग्यांचा दसरा अजून चालू होता. शेवटी भिंतीवर 'प्राचार्य' असं रंगवलेल्या कोपऱ्यात स्वच्छ फरशी दिसली, तिथे बाईंनी चप्पल घासली, कोहळा फोडणाऱ्यांच्या सात पिढ्यांना नावं ठेवली आणि पुढे गेल्या.

आता कचेरीत गर्दी झाली. संस्थेचे खजिनदार यशराज इंगवले नव्या जीपमधून उतरून काळा चष्मा न काढताच आत आले. चेअरमनचे जावई; त्यामुळे चष्मा काढायला सांगणार कोण. त्यांनी कोहळा पाहिला, रिकामं कपाट पाहिलं आणि एका दमात निकाल दिला.

"ह्यात शोधायचं काय? सवलतीची फाईल कुणाच्या ताब्यात असते? प्रसेनजीतच्या. आणि प्रसेनजीत कुठं हाय? गायब. लावा पोलिसास्नी फोन."

२

प्रसेनजीत गायब नव्हता, नागपूरला होता. सवलत विभागाचा हा तरुण क्लार्क दरवर्षी खंडेनवमीच्या भल्या सकाळी वस्तीतल्या मंडळींबरोबर गाडी करून दीक्षाभूमीला जायचा, दसऱ्याला तिथे वंदना करून, पुस्तकं घेऊन दुसऱ्या दिवशी परतायचा. शालूबाईही इतकी वर्षं जात होत्या. यंदा गुडघ्यांनी नकार दिला म्हणून त्यांनी त्याच्यापाशी पुस्तकांची यादी दिली होती.

"रजा मांडून गेलाय त्यो," आकाराम पुटपुटला.

"रजा मांडून चोरी करत न्हाईत व्हय?" यशराज म्हणाले. "बाईसाहेब, तुमचाच माणूस, म्हणून तुमास्नी वाईट वाटणार. पण खरं ते खरं."

शालूबाईंना वाईट वाटलं नाही, संताप आला. 'तुमचाच माणूस' हे शब्द त्यांनी कचेरीत आयुष्यभर ऐकले होते, आणि काही हरवलं की ते कुठल्या दिशेने येतात हेही त्यांना पाठ होतं. पण संतापाने फाईल सापडत नाही. त्यांनी खुर्ची ओढली आणि कोहळ्यासमोर बसल्या.

"फोन करायचा तर पाचनंतर करा. गठ्ठा न्हाय गेला तर मीच पोलीस आणते. तवर कुणी कॉलेजाबाहेर जायचं न्हाय."

त्यांना तो अधिकार कुणी दिला, हे विचारायचं धाडस एकालाही झालं नाही.

एवढ्यात प्राचार्य डॉ. सयाजीराव नलवडे आले. हातात बाजाराची मोठी पिशवी, वर मेथीच्या जुड्या डोकावत होत्या. दारातली गर्दी बघून ते जागीच थबकले, दोन पावलं मागे फिरले, आणि मग आकारामने हाक मारल्यावर नाइलाजाने आत आले.

कोहळा पाहून त्यांचा चेहरा पडला. मग सभ्य माणसाप्रमाणे त्यांनी आधी खिशातून आपट्याची पानं काढली आणि एकेकाला सोनं दिलं. डाव्या हाताने.

"सर, उजवा," आकाराम हळूच म्हणाला. वर्षाचं सोनं डाव्या हाताने म्हणजे अपमानच की.

"मुरगळला आहे," सर म्हणाले. "काल सीमोल्लंघनाला दसरा चौकात काय गर्दी होती! चोरीचं म्हणाल तर शालूताई, मन अगदी सुन्न झालं आहे. मला थोडा एकांत द्या."

ते मेथीसकट आपल्या खोलीत गेले आणि आतून कडी लागल्याचा आवाज आला.

३

शालूबाईंनी जिमखान्याच्या खोलीत कचेरी मांडली. एका बाजूला व्यायामाचे मुद्गल, दुसऱ्या बाजूला मोना, मध्ये टेबल. पहिले यशराज आले.

"फाईल बुडाली तर फायदा कुणाचा?" बाईंनी विचारलं.

"आमचा," यशराज म्हणाले.

मोनाने चमकून वर पाहिलं.

"आता लपवायचं काय त्यात? पोरं रोख फी भरतील न्हवं! सरकार देणार म्हंतंय, पण कवा देणार? सरकारनं मुंबईत आवळा द्यायचा आणि कोल्हापुरात आमच्याकडनं कोहळा काढायचा. तवर मास्तरांचा पगार मी काय आपट्याच्या पानांनी करू?"

"मग तुमीच घेतली फाईल?"

"न्हाय. मी चेअरमनसाहेबास्नी सरळ सांगितलंतं, की प्रस्ताव पाठवूच नका. त्यांनी माझं ऐकलं न्हाय. जावयाचं कोण ऐकतंय बाईसाहेब?"

पहिल्यांदाच त्यांनी चष्मा काढला. डोळ्यांत खरोखर दुःख होतं.

दुसरा आला पृथ्वीराज. विद्यार्थ्यांचा पुढारी, बिद्रीकडचा, अंगाने पैलवान आणि बुलेटवाला. सवलतीसाठी पहिला अर्ज त्याचाच होता. शालूबाईंनी त्याला आपादमस्तक न्याहाळलं.

"म्हशी किती?"

"दोन."

शालूबाईंनी खिडकीतून बाहेर उभ्या असलेल्या बुलेटकडे नुसतं पाहिलं.

"पाच," पृथ्वीराज म्हणाला.

बाईंची नजर बुलेटवरून हलली नाही.

"...आणि गाई येगळ्या."

"ऊस?"

पृथ्वीराज मटकन बाकावर बसला. "बाईसाहेब, दाखला आबांनी काढला. मी म्हणलं नको, तर म्हणले, फुकट मिळतंय ते सोडलं तर लोक खुळ्यात काढतील. आता खात्याची माणसं गावात येऊन तपासणार म्हंत्यात. आठवडा झाला, झोप न्हाय."

"म्हणून फाईल उचललीस?"

"आई अंबाबाईची आन! उचलायचीच हुती तर माझा एकट्याचा कागद काढला असता की. ह्या मोनाच्या पोटावर कशाला पाय देऊ?"

त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. पैलवान रडायला लागला की बघवत नाही. शालूबाईंनी त्याला पाणी दिलं आणि बाहेर घालवलं.

"मावशी," मोना म्हणाली, "ह्या दोघांत कोण असंल?"

"दोघं बी न्हवंत."

"आणि ते कशावरनं?"

"कोहळ्यावरनं," शालूबाई म्हणाल्या आणि उठल्या.

४

आकाराम कचेरीत कोहळ्याकडे पाठ करून बसला होता.

"कपाटाची किल्ली कुठं असते?"

"कपाटावर."

"कपाटाची किल्ली कपाटावर?"

"हरवाय नको म्हणून."

"हे कुणाकुणाला म्हाईत हाय?"

आकारामने विचार केला. "कुणाला म्हाईत न्हाय ते इचारा."

"बरं. कोहळं कुणी आणलं?"

"मीच. दर वाहनाला एक, ही संस्थेची पद्धत हाय. चेअरमनसाहेबांची गाडी एकदा घाटात बंद पडलीती, तवापास्नं. चार आणलं: जीपला, बुलेटला, सरांच्या स्कूटरला, आणि माझ्या लुनाला. लुना झाली म्हणून काय झालं, ती बी वाहनच की."

"पूजा कवा झाली?"

"दुपारी. चारीला हळदकुंकू लावलं, मग ज्यानं त्यानं आपापल्या गाडीपुढं फोडलं."

"चारी फुटल्यालं तू बघितलंस?"

"मी माझं फोडलं. दुसऱ्याचं बघत कोण बसतंय? पेढं वाटत हुतं."

"आणि कचेरी बंद करताना फाईल बघितलीस?"

"बघितली की! काचेतनं. लाल गठ्ठा हुता जागच्या जागी." मग त्याच्या लक्षात आलं की आपण काय पाहिलं होतं, आणि तो कोहळ्याकडे वळून बघू लागला. "तशी फाईल तयारच हुती बाईसाहेब. नुसती आज न्यायची बाकी. ह्या कायद्यासाठी निवेदन दिलतं म्हणून गणपतीनंतर सरांचा सत्कार झाला न्हवं, त्या भाषणातच सर म्हणले की माझ्या बाजूनं सगळं पूर्ण हाय, आता सरकारच्या बाजूचं बोला. टाळ्या काय पडल्या!"

दुपार कलंडली होती. शालूबाईंनी प्राचार्यांच्या खोलीचं दार ठोठावलं. आत ड्रॉवर धाडकन बंद झाला, खुर्ची सरकली, मग कडी निघाली. सरांच्या कपाळावर घाम होता. टेबलावरचा चहा तसाच होता. बाई बसल्या म्हणून त्यांनी कप उचलला, डाव्या हाताने, आणि निम्मा बशीत सांडला. पायाशी पिशवी होती. सकाळची तरारलेली मेथी आता माना टाकून पडली होती.

भिंतीवर नोटिसा लावलेल्या होत्या, प्रत्येकीखाली सरांची सही. ती सही म्हणजे गावातलं एक प्रेक्षणीय स्थळच होतं. 'स'पासून निघून ती कागदाच्या कडेपर्यंत जायची, तिथून वळून स्वतःच्याच खाली दोन रेघा ओढायची आणि शेवटी मोराच्या पिसाऱ्यासारखं काहीतरी करून थांबायची. एका नोटिशीत मजकूर दोन ओळींचा आणि सही तीन ओळींची होती.

"सकाळपासून माणसं येतात, जातात," सर कळवळून म्हणाले. "सांत्वन, चौकशी, चहा. मला थोडा वेळ तरी एकटं सोडाल का, शालूताई?"

"सोडते की," शालूबाई म्हणाल्या. "पण तुमी आदी सगळ्यास्नी आत बोलवा. चोर सापडला."

कप सरांच्या डाव्या हातातूनही निसटला.

५

सगळे प्राचार्यांच्या खोलीत जमले. शालूबाईंनी कोहळा मधोमध टेबलावर ठेवायला लावला.

"आमच्यात कोहळा फोडत न्हाईत," त्यांनी सुरुवात केली. "पण कचेरीच्या जीपपुढं फोडल्यालं मी दरवर्षी बघितल्यात. त्यामुळं कोहळ्याची माझी वळख जुनी हाय. ह्या कोहळ्याला कुंकू हाय. म्हंजे पूजा झाल्यावर त्यो कपाटात गेला. पूजा दुपारी झाली आणि प्रसेनजीत सकाळीच गावाबाहेर पडलावता. यशराज, हे पटलं का?"

यशराजनी चष्मा घातला.

"आता दुसरं. फाईल बुडवायचीच असती तर चोरानं कोहळा कशाला ठेवला असता? गठ्ठा आज सकाळी न्यायचाच हुता. उचलला की कळणारच. म्हंजे ह्या कोहळ्याचं काम फकस्त दसऱ्याच्या सुटीपुरतं. आकारामनं जाताना काचेतनं बघावं, लाल दिसावं, आणि घरला जावं. ज्याला फाईल आज सकाळी गुपचूप परत ठिवायची हुती, त्यालाच कोहळ्याची गरज. यशराजला ती परत नको हुती. पृथ्वीराजला एकच कागद पायजे हुता. ह्यो चोर न्हवं. ह्यानं फाईल उसनी नेली."

"उसनी?" आकाराम म्हणाला. "फाईल काय घमेलं हाय व्हय, उसनी न्यायला?"

"ऐक. कोहळं चार आणलं. आवारात लगदा तीनच जागी हाय. सकाळी माझी चप्पल तिन्हीवर घसरली. झाडाखाली जीप, जिमखान्यापाशी बुलेट, नळापाशी तुझी लुना. चौथी जागा इतकी स्वच्छ, की मी तिथं चप्पल घासली. त्या जागेवर भिंतीला काय लिवलंय, मोना?"

"प्राचार्य," मोना म्हणाली आणि सरांकडे वळली.

सर खिडकीबाहेर बघत राहिले.

"फाईल दोन दिवस घरी नेऊन माणूस तिचं काय करील? कागद पुरं हुतं. एकच गोष्ट घरी बसून करता येते. सही. एकेका प्रस्तावावर ती बी तीन-तीन ठिकाणी: हजेरीवर, नकलेवर, हमीपत्रावर. आणि तुमची सही म्हंजे, सर, एक सही केली की माणसानं जेवून यावं. दोन दिवसांत हात धरला. दसरा चौकातल्या गर्दीत न्हवं, सह्यांत मुरगळला त्यो. आज सकाळी परत ठिवायला आलासा तर आमी आदीच कपाट उघडल्यालं. आणि सकाळधरनं हितं कोंडून घेऊन उरलेल्या सह्या करायला बघताय, तर आमी चोर शोधायला सारखं दार वाजवतोय." त्या वाकल्या आणि पिशवीतली मेथी बाजूला केली. "दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी बाजार करून मेथी कचेरीत वाळवणारा माणूस मी पयल्यांदाच बघितला."

मेथीखाली गठ्ठा होता.

सरांनी मान खाली घातली. त्यांची पुस्तकी भाषा कुठल्या कुठे गेली. "शालूताई, काय सांगू तुमास्नी. सत्काराच्या भाषणात बोलून गेलो, माझं सगळं झालं म्हणून. टाळ्या पडल्या. त्यानंतर रोज म्हणायचं, उद्या करू. उद्या दुसरीकडं सत्कार असायचा. आता सह्या न्हाईत असं कुठल्या तोंडानं सांगणार?"

"आणि प्रसेनजीतला चोर म्हणत हुते, तवा तोंड कुठं हुतं?"

शालूबाईंचा आवाज चढला नव्हता, उलट उतरला होता, आणि त्यामुळे तो जास्तच लागला. "तुमी एक शब्द बोलला असता तर त्याच्यावरचं बालंट सकाळीच गेलं असतं. तुमची लाज वाचावी म्हणून त्या पोराची नोकरी जाणार हुती, आणि ह्या मोनाचं कॉलेज. कळतंय का तुमास्नी?"

"कळतंय," सर म्हणाले. ते खरंच कळल्यासारखं दिसत होतं.

मोनाने घड्याळाकडे पाहिलं. "मावशी, चार वाजत आल्यात. सह्या अजून किती राहिल्यात?"

सरांनी गठ्ठा उलगडला. निम्म्याच्या वर बाकी होत्या, आणि त्यांचा उजवा हात टेबलावरून उचलत नव्हता.

६

मग जे झालं ते महाविद्यालयाच्या इतिहासात नोंदवण्यासारखं होतं, पण तो इतिहास सरच लिहीत असल्यामुळे कुठे नोंदलं गेलं नाही.

पृथ्वीराजने जिमखान्यातलं तेल आणून सरांचं मनगट कुस्तीच्या आखाड्यात चोळतात तसं चोळलं. सर ओरडले, पण बोटं हलली. आकाराम कागद उलगडून समोर धरायचा, यशराज शिक्का मारायचे, मोना सही झालेला कागद ओढून घ्यायची. सरांनी पहिली सही सुरू केली, 'स' काढला आणि पेन कागदाच्या कडेकडे निघालं.

"थांबा," शालूबाई म्हणाल्या. "मोर नको. नुसतं नाव."

"पण शालूताई, माझी सही..."

"शिक्का हाय न्हवं खाली? मग सयाजी कोण ते खात्याला कळतंय."

सरांनी पेन कडेवरून मागे आणलं. मग त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा साधी सही केली. ती इतकी पटकन झाली की ते स्वतःच तिच्याकडे बघत राहिले. पुढच्या सह्या झरझर झाल्या.

मधेच पृथ्वीराजने आपला प्रस्ताव गठ्ठ्यातून ओढून खिशात घातला. त्याने कुणाला काही सांगितलं नाही, आणि शालूबाईंनीही दुसरीकडे बघितलं.

गठ्ठा लाल फडक्यात बांधून सर स्वतःच स्कूटरकडे धावले. स्कूटर सुरू होईना. किक मारून मारून सर घामाघूम झाले.

"कोहळा न फोडता सुरू हुईल व्हय?" आकाराम म्हणाला.

"बुलेट काढ," शालूबाई पृथ्वीराजला म्हणाल्या, आणि गुडघ्यांचं विसरून गठ्ठा मांडीवर घेऊन मागे बसल्या. त्या दिवशी बिंदू चौकातून गेलेल्यांनी निवृत्त नायब तहसीलदारांना डोळे घट्ट मिटून बुलेटवर जाताना पाहिलं. खात्याच्या खिडकीतला कारकून झडप ओढतच होता. समोर बाईसाहेब बघून त्याने नकळत खिसा चाचपला, झडप वर केली आणि न बोलता पोच दिली.

परत आल्यावर शालूबाईंनी पोच मोनाच्या हातात ठेवली. मोनाने ती उलटसुलट करून पाहिली आणि मलकापूरला फोन लावायला चौकातल्या बूथवर पळाली.

त्याच वेळी फाटकातून प्रसेनजीत आत आला. प्रवासाने चुरगळलेला, खांद्यावर पुस्तकांनी भरलेली पिशवी. घरी न जाता तो थेट आला होता. सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. शालूबाईंनी फक्त सरांकडे पाहिलं.

सर पुढे झाले. खिशातलं उरलेलं पान त्यांनी काढलं आणि कण्हत, पण उजव्या हाताने, त्याच्यापुढे धरलं.

"प्रसेनजीत, फाईल हरवलीती. सकाळपास्नं तुझ्यावर चोरीचा आळ हुता. फाईल मी नेलती घरी, सह्या करायला, लपूनछपून. आणि मी दिवसभर गप बसलो. माझं चुकलं."

प्रसेनजीतने यशराजकडे पाहिलं. यशराजनी काळा चष्मा काढून खिशात घातला आणि, "माझं बी," असं म्हणाले. प्रसेनजीतने पुस्तकांची पिशवी खांद्यावरून खाली ठेवली. मग त्याने पान घेतलं.

"सह्या झाल्या?"

"झाल्या."

"फाईल गेली?"

"गेली."

"सर," प्रसेनजीत म्हणाला, "गणपती झाल्यापास्नं मी तुमच्या मागं लागलोय, की फाईल घरी न्या, निवांत सह्या करा. मीच पिशवीत घालून देतो म्हणलंतं. तवा तुमी न्हाय म्हणला. आणि आता चोरून नेली व्हय?"

पहिल्यांदा पृथ्वीराज हसला. मग आकाराम, मग यशराज, आणि शेवटी सरसुद्धा, मनगट धरून. प्रसेनजीत मात्र हसला नाही. त्याने शालूबाईंची पुस्तकं त्यांच्या हातात दिली आणि रिकामं कपाट उघडून पुसायला घेतलं. शालूबाईंना त्याचा अभिमान वाटला, आणि वाईटही वाटलं.

मोना परत आली ती सावकाश चालत. शालूबाई पुढे झाल्या.

"काय म्हणाले बाबा? खूश न्हाईत?"

"मी म्हणलं, दोघं बी शिकणार. ते म्हणले, थांब. मग कुणाला तरी म्हणले, पावणं, तुमी जावा आता, यवहार मोडला." मोनाने हातातल्या पोचेची घडी घातली. "मावशी, गिऱ्हाईक आलंतं दारात. सवलत न्हाय मिळाली तर माझ्या फीसाठी म्हस इकणार हुते. मला म्हणले हुते भावाचीच भरणार, कारण मला कळलं असतं तर मी इकू दिली नसती."

शालूबाईंनी तिला जवळ घेतलं. थोड्या वेळाने त्यांनी सवयीने विचारलं, "म्हशी किती?"

"दोन," मोना डोळे पुसत म्हणाली. "दोनच राहिल्या."

आणि शालूबाईंनी त्या आकड्याची मनातल्या मनात दुप्पट केली नाही. त्यांनी तो जसाच्या तसा खरा मानला, आणि कोहळा उचलून फोडायला मोनाच्या हातात दिला. सरांची स्कूटर अजून सुरू व्हायची होती.